पॅकेज आलं कुठून? लिनक्स डेस्कटॉपवर सॉफ्टवेअर बसवणं, अद्ययावत ठेवणं आणि काढणं

लिनक्सवर एखादा प्रोग्राम बसवण्याचे निदान पाच-सहा मार्ग आहेत आणि बहुतेक गोंधळ हे मार्ग एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. तोच प्रोग्राम आधी डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या तुमच्या लिनक्सच्या) रिपॉझिटरीतून, म्हणजे तिच्या पॅकेजांच्या भांडारातून, मग फ्लॅटपॅक या डिस्ट्रोपासून स्वतंत्र पद्धतीने आणि पुढे सोर्सवरून, म्हणजे मूळ कोड स्वतः बांधून बसवला, तर मेनूत एकसारखे आयकॉन दिसू लागतात, नवी आवृत्ती त्यातल्या एकालाच मिळते आणि बिघडलेला नेमका कोणता ते कळत नाही. त्यामुळे बसवण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी बांधून दिलेला प्रोग्राम, कोणाकडून येणार आहे? आणि त्याचे सुरक्षा-अपडेट पुढे कोण देणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल, तर तो मार्ग शेवटी ठेवा.

इथली उदाहरणं डेबियन, उबुंटू आणि लिनक्स मिंट या घराण्यातली आहेत. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक तिथे महत्त्वाचा असतो. वेगळं सांगितलेलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) पासवर्ड विचारतो तेव्हा टाइप केलेलं पडद्यावर सहसा काहीच दिसत नाही, ठिपकेही उमटत नाहीत; लिनक्स मिंटमध्ये मात्र तारका उमटतात. पासवर्ड पूर्ण टाइप करून एंटर दाबा.

डीपीकेजी आणि ॲप्ट

या घराण्यात दोन थर आहेत. खालचा डीपीकेजी: तो डेब फाइल (या घराण्यातल्या पॅकेजची फाइल) उघडतो, तिच्यातल्या फाइली जागच्या जागी ठेवतो आणि कोणती फाइल कोणत्या पॅकेजची याची नोंद ठेवतो. वरचा ॲप्ट: तो रिपॉझिटरीतल्या याद्या आणतो, एका पॅकेजला आणखी कोणती पॅकेजं लागतात ते शोधतो, सह्या तपासतो आणि प्रत्यक्ष बसवण्याचं काम डीपीकेजीकडे सोपवतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'इन्स्टॉल'चं बटण दाबलं तरी डेब पॅकेजांसाठी आत हीच यंत्रणा चालते. बिघाड झाला की तो कोणत्या थरातला आहे हे ओळखलं तर निम्मं काम होतं. यादी आणताना किंवा डाउनलोड करताना अडलं तर ॲप्टकडे बघायचं, 'अनपॅकिंग' किंवा 'सेटिंग अप' या ओळींनंतर अडलं तर डीपीकेजीकडे.

सुरुवात नेहमी या कमांडने करा:

सुडो ॲप्ट अपडेट

हिने एकही प्रोग्राम बदलत नाही, फक्त याद्या ताज्या होतात. ही पायरी गाळली की '404 नॉट फाउंड' दिसतं. तुमच्याकडची यादी जुनी आवृत्ती मागते आणि सर्व्हरवरून ती केव्हाच हटलेली असते. त्यानंतर:

ॲप्ट सर्च इंकस्केप
ॲप्ट शो इंकस्केप
ॲप्ट पॉलिसी इंकस्केप

तिसरी कमांड फार थोडे लोक वापरतात, पण तिघींत तीच सर्वांत उपयोगी. 'इन्स्टॉल्ड' म्हणजे आत्ता बसलेली आवृत्ती, 'कँडिडेट' म्हणजे इन्स्टॉल म्हटलं तर येणारी आवृत्ती, आणि खालच्या तक्त्यात प्रत्येक आवृत्ती कोणत्या सर्व्हरवरून येते ते दिसतं. तक्त्यातला 500 हा नेहमीच्या रिपॉझिटरीचा प्राधान्यक्रम, 100 हा फक्त तुमच्या मशीनवर असलेल्या आवृत्तीचा. एखाद्या पॅकेजसमोर केवळ 100 असेल, तर ते आज कोणत्याच रिपॉझिटरीत नाही. म्हणजे त्याला नवी आवृत्ती मिळणार नाही.

'अनएबल टू लोकेट पॅकेज' आलं तर आधी स्पेलिंग बघा, मग अपडेट पुन्हा चालवा. तरीही तेच आलं, तर रिपॉझिटरीचा तो विभाग बंद असू शकतो: उबुंटूत 'युनिव्हर्स', डेबियनमध्ये 'कॉन्ट्रिब' किंवा 'नॉन-फ्री'. डेबियन 12 पासून हार्डवेअरचं फर्मवेअर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात गेलं आहे. वाय-फाय चालत नसेल तर तो विभाग चालू आहे ना, हे पाहा.

बसवायची कमांड साधी आहे:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल इंकस्केप

'वाय' दाबण्याआधी सारांश वाचा, आणि त्यातही 'रिमूव्ह्ड' ही ओळ आधी. एक प्रोग्राम बसवताना डेस्कटॉपची पॅकेजं निघणार असतील, तर उत्तर 'एन'. खात्री नसेल तर कमांडमध्ये '-एस' जोडा. मग ॲप्ट काय करणार ते फक्त सांगतो, मशीनला हात लावत नाही. तुम्ही काढायला सांगितलेलं पॅकेज सिस्टिमसाठी अत्यावश्यक असेल, तर ॲप्ट काम थांबवतो किंवा 'मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावतो. इथवर पोचलात याचा अर्थ काहीतरी चुकलेलं आहे. बाहेर पडा. इंटरनेटवरच्या सूचनांमधून '-वाय' असलेल्या कमांड जशाच्या तशा चिकटवू नयेत, कारण त्यात हा सारांश वाचायची संधीच मिळत नाही.

ॲप्ट 'डिपेंड्स'सोबत 'रेकमेंड्स' या वर्गातली पॅकेजंही आणतो. जागा फार कमी असेल तर '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' वापरता येतं, पण डेस्कटॉपवरच्या प्रोग्रामसाठी ते सहसा टाळा. नंतर छपाईचा पर्याय किंवा एखादा फाइल-प्रकार गायब दिसतो आणि कारण सापडत नाही.

अपडेट देताना

सुडो ॲप्ट अपग्रेड

ही कमांड बसलेलं कुठलंही पॅकेज काढत नाही. 'फुल-अपग्रेड' गरज पडली तर काढते, म्हणून तिथे 'रिमूव्ह्ड'ची ओळ पुन्हा नीट वाचायची. रोजच्या वापरासाठी अपग्रेड पुरेसं आहे.

'केप्ट बॅक' म्हणून काही पॅकेजं मागे राहिली तर घाबरू नका. उबुंटूत नवी आवृत्ती सर्वांना एकदम दिली जात नाही, टप्प्याटप्प्याने दिली जाते, आणि 21.04 पासून ॲप्टही हे टप्पे पाळतो. तुमच्या मशीनचा टप्पा आला की ती आपोआप बसेल. तोवर जबरदस्तीने बसवायची गरज नाही. दुसरं कारण खरं अडचणीचं असतं: नव्या आवृत्तीला लागणारं पॅकेज तुमच्याकडे 'होल्ड'वर (आवृत्ती बदलू नये अशी खूण केलेलं) आहे किंवा बाहेरच्या रिपॉझिटरीतून आलेल्या आवृत्तीशी तिचं जमत नाही. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवा, मग ॲप्ट पॉलिसी.

मध्येच डीपीकेजी विचारतो की अमुक सेटिंग फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी ठेवू की जुनी? नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते आणि पॅकेजसोबत आलेली नवी फाइल शेजारी '.डीपीकेजी-डिस्ट' या शेवटाने ठेवली जाते. नवी निवडली तर तुमची जुनी '.डीपीकेजी-ओल्ड' होते. 'डी' दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो. तो बघूनच निवडा. ती फाइल आपण बदलल्याचं आठवतच नसेल, तर नवी घेणं बहुधा बरं.

कुलूप आणि अर्धवट राहिलेलं काम

मशीन सुरू केल्या केल्या ॲप्ट चालवलं की 'कुड नॉट गेट लॉक' किंवा 'वेटिंग फॉर कॅश लॉक' येतं. पार्श्वभूमीला अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरक्षा-अपडेट बसवत असतं, नाहीतर सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा असतो. संदेशात प्रोसेसचा क्रमांक दिलेला असतो; 'पीएस -पी' आणि तो क्रमांक दिला की ती कोणती प्रोसेस ते कळतं. थांबा. काही मिनिटांत कुलूप सुटतं.

कुलपाची फाइल डिलीट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. खरं कुलूप कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) असतं, उघड्या फाइलवर. फाइल डिलीट केली तरी पहिली प्रोसेस चालूच राहते. दुसरी प्रोसेस मग नवी फाइल तयार करून तिच्यावर कुलूप लावते आणि दोघीही एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदी लिहू लागतात. त्या नोंदी बिघडल्या तर दुरुस्ती फार किचकट होते.

वीज गेली किंवा टर्मिनल मध्येच बंद झालं, तर या क्रमाने जा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट अपग्रेड

पहिली कमांड उघडून ठेवलेल्या पण पूर्ण न बसलेल्या पॅकेजांचं काम संपवते, दुसरी राहिलेली अवलंबित पॅकेजं आणते. पहिलीने चूक दाखवली तरी दुसरी चालवून बघा आणि मग पहिली पुन्हा. पुष्कळदा पहिलीला हवं असलेलं पॅकेज दुसरीच आणते.

यातही 'नो स्पेस लेफ्ट' दिसलं, तर आधी 'डीएफ -एच' चालवून प्रत्येक विभागातली मोकळी जागा बघा. मुख्य विभागात जागा असूनही वेगळा '/बूट' विभाग जुन्या कर्नलांनी भरलेला असतो, विशेषतः एन्क्रिप्शनसह लिनक्स बसवलं असेल तेव्हा. सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह जुने कर्नल काढतं आणि चालू कर्नलला हात लावत नाही. '/बूट'मधल्या फाइली हाताने डिलीट करू नका. डीपीकेजीच्या नोंदीत तो कर्नल बसलेलाच राहतो आणि पुढच्या अपडेटला तीच चूक परत येते. मुख्य विभागात जागा हवी असेल तर सुडो ॲप्ट क्लीन करा. डाउनलोड केलेल्या डेब फाइली त्याने जातात, बसलेले प्रोग्राम तसेच राहतात.

काढताना

'रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, पण सिस्टिममधली त्याची सेटिंग ठेवतं. 'पर्ज' तीही काढतं. होम फोल्डरमधल्या तुमच्या वैयक्तिक सेटिंगला दोन्ही हात लावत नाहीत, त्यामुळे बिघडलेला प्रोग्राम काढून पुन्हा बसवला तरी बिघाड तसाच राहू शकतो. तेव्हा होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग' फोल्डरात त्या प्रोग्रामचा जो फोल्डर असेल त्याचं नाव बदलून बघा. डिलीट नको, नाव बदला. गरज लागली तर परत आणता येतं.

ऑटोरिमूव्हचा एक सापळा आहे. प्रत्येक पॅकेजवर 'हाताने बसवलेलं' किंवा 'दुसऱ्यासाठी आपोआप आलेलं' अशी खूण असते. आपोआप आलेलं कोणालाच लागत नसेल तर ऑटोरिमूव्ह ते काढतं. आता नको असलेला एखादा खेळ काढताना अख्ख्या डेस्कटॉपचं मेटापॅकेज (स्वतः रिकामं, फक्त इतर पॅकेजं आणणारं) निघालं, तर त्याच्यामुळे आलेली डझनावारी पॅकेजं एकदम बेवारस ठरतात आणि पुढच्या ऑटोरिमूव्हला निघून जाण्याच्या रांगेत लागतात. यादी अनपेक्षितपणे लांब दिसली तर 'एन' म्हणा, आणि हवी ती पॅकेजं अशी खुणावून ठेवा:

सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल पॅकेजचं-नाव

सुटी डेब फाइल आणि बाहेरच्या रिपॉझिटरी

डाउनलोड केलेली डेब फाइल डीपीकेजीने थेट बसवली तर अवलंबित पॅकेजं येत नाहीत. ॲप्टनेच बसवा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइल.डेब

सुरुवातीचं './' महत्त्वाचं आहे. ते नसेल तर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रिपॉझिटरीत शोधतो. शेवटी '_ॲप्ट' या युझरला फाइल वाचता आली नाही अशी सूचना येते. फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये असते एवढंच तिचं कारण, ती दुर्लक्षिली तरी चालते. बसवण्याआधी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर दिलेला हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) 'शा256सम'ने पडताळून घ्या. आणि हे लक्षात असू द्या की सुटी डेब फाइल रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या, अधिकाराने स्क्रिप्ट चालवू शकते. वाटेल त्याची फाइल घेऊ नये.

बाहेरची रिपॉझिटरी जोडताना तिची सही तपासण्याची किल्ली '/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज' फोल्डरात ठेवा आणि रिपॉझिटरीच्या नोंदीत 'साइन्ड-बाय'पुढे त्या फाइलचा पत्ता द्या. जुन्या लेखांतली 'ॲप्ट-की' वापरू नका. तिने जोडलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींसाठी ग्राह्य धरली जाते, म्हणजे एका बाहेरच्याला घरभर मोकळीक. म्हणूनच ती पद्धत मोडीत काढली गेली.

उबुंटूतल्या पीपीएबद्दल, म्हणजे कोणीही चालवलेल्या वैयक्तिक रिपॉझिटरीबद्दल, स्पष्ट सांगायला हवं: हवं ते पॅकेज फ्लॅटपॅकमध्ये मिळत असेल तर पीपीए जोडू नका. पीपीए एका ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेला असतो आणि त्यातली एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड) डिस्ट्रोच्या लायब्ररीपेक्षा नवी असली की ती तिची जागा घेते. मग अनेक महिन्यांनी भलतंच काहीतरी बसवताना 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' येतं. पीपीए नुसता बंद केला तरी त्यातून आलेली नवी आवृत्ती मशीनवर तशीच राहते. 'पीपीए-पर्ज' मात्र पॅकेजं डिस्ट्रोच्या आवृत्तीवर परत आणतं, म्हणून काढायचा तर त्याने काढा. आवृत्ती बदलण्याआधी, म्हणजे 22.04 वरून 24.04 वर जाण्याआधी, हे करून घेतलं तर ते काम सुरळीत होतं.

फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज

डिस्ट्रोतली आवृत्ती फार जुनी असेल तर फ्लॅटपॅक घ्या. फ्लॅटपॅक बसवा, फ्लॅटहबच्या (फ्लॅटपॅकच्या मुख्य भांडाराच्या) संकेतस्थळावर दिलेल्या कमांडने फ्लॅटहब जोडा आणि एकदा लॉग-आउट करून परत लॉग-इन करा. नाहीतर बसवलेले प्रोग्राम मेनूत दिसत नाहीत. पहिला प्रोग्राम घेताना डाउनलोड मोठं असतं, कारण त्यासोबत रनटाइम, म्हणजे प्रोग्रामांना लागणारा सामाईक पाया, येतो. पुढचे प्रोग्राम तोच रनटाइम वापरत असतील तर त्यांचं डाउनलोड बरंच लहान होतं.

फ्लॅटपॅक अपडेट
फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड

दुसरी कमांड कोणीच वापरत नसलेले रनटाइम काढते. बरीच जागा सुटते. फ्लॅटपॅकचे प्रोग्राम कोंडलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर दिसला नाही तर तो प्रोग्रामचा दोष नसतो. फ्लॅटसील या प्रोग्राममधून तेवढ्या फोल्डरची परवानगी द्या, सगळ्या डिस्कची नको. एन्व्हिडियाचा ड्रायव्हर ॲप्टने बदलल्यावर फ्लॅटपॅकमधले खेळ आणि थ्रीडी प्रोग्राम उघडेनासे झाले, तर फ्लॅटपॅक अपडेट चालवा: आतला ड्रायव्हर बाहेरच्या ड्रायव्हरच्या तंतोतंत त्याच आवृत्तीचा लागतो.

स्नॅप (फ्लॅटपॅकसारखीच, उबुंटूच्या कंपनीची पद्धत) उबुंटूत आधीपासून असतं. 22.04 पासून उबुंटूच्या रिपॉझिटरीतलं फायरफॉक्स ॲप्टने बसवलं तरी प्रत्यक्षात स्नॅपच येतं. लिनक्स मिंटने उलट 20 या आवृत्तीपासून स्नॅप अडवलं आहे. स्नॅप स्वतःहून दिवसातून चारदा नवी आवृत्ती शोधतं आणि जुनी एखादी आवृत्ती जपून ठेवतं. 'स्नॅप लिस्ट --ऑल'मध्ये 'डिसेबल्ड' लिहिलेल्या ओळी त्याच.

ॲपइमेज म्हणजे एकच फाइल. तिला 'चमॉड +एक्स'ने चालवण्याची परवानगी द्या आणि उघडा. उघडली नाही तर बहुधा फ्यूज 2 ची लायब्ररी नसते: उबुंटू 22.04 मध्ये तिचं पॅकेज 'लिबफ्यूज2', 24.04 मध्ये 'लिबफ्यूज2टी64'. नुसतं 'फ्यूज' नावाचं पॅकेज बसवू नका. ते फ्यूज 3 ला हटवतं आणि त्याच्यासोबत डेस्कटॉपचे भागही निघू शकतात. ॲपइमेजचं अपडेट ॲप्ट बघत नाही. ते तुम्हालाच बघावं लागतं.

सोर्स आणि पायथन

सोर्सवरून बांधलेलं 'मेक इन्स्टॉल'ने '/यूएसआर/लोकल'मध्ये जातं आणि डीपीकेजीला त्याचा पत्ताही नसतो. शिवाय कमांड शोधताना लिनक्स '/यूएसआर/लोकल/बिन' आधी बघतं. परिणाम असा की ॲप्टने नवी आवृत्ती बसवली तरी चालतो जुनाच प्रोग्राम. 'टाइप -ए' आणि प्रोग्रामचं नाव द्या; दोन पत्ते दिसले तर कारण सापडलं. सोर्सवरून बांधायचंच असेल तर 'प्रीफिक्स' म्हणून होम फोल्डरमधला '.लोकल' द्या, म्हणजे सुडोची गरज लागत नाही, आणि बांधलेला फोल्डर जपून ठेवा. 'मेक अनइन्स्टॉल' प्रकल्पाने दिलेलं असेल तर ते तिथूनच चालतं.

पायथनमध्ये पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) चालवल्यावर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' ही चूक डेबियन 12 पासून येते. ती मुद्दाम ठेवलेली आहे: डेस्कटॉपची कितीतरी साधनं सिस्टिमच्याच पायथनवर चालतात आणि पिपने तिथली लायब्ररी बदलली तर ती मोडतात. 'ब्रेक' या शब्दाने सुरू होणारा पर्याय ही चूक दडपतो, तो वापरू नका. चालवायचा प्रोग्राम असेल तर पिपएक्स, लायब्ररी हवी असेल तर व्हेन्व्ह वापरा; दोन्ही सिस्टिमच्या पायथनपासून वेगळी जागा करतात.

यादी आणताना येणाऱ्या चुका

'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हणजे तुमच्या मशीनचं घड्याळ मागे आहे. मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपलेली असते किंवा शेजारी बसवलेल्या विंडोजने वेळ बदललेली असते. घड्याळ दुरुस्त करा, रिपॉझिटरीला हात लावू नका. 'नो पबकी' म्हणजे सही तपासायची किल्ली नाही किंवा बदलली. ती प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. 'हॅश सम मिसमॅच' बहुतेक वेळा मिरर सर्व्हरचं (रिपॉझिटरीची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचं) अपडेट चालू असताना येतं, थोड्या वेळाने परत प्रयत्न करा. तरीही राहिलं तर '/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स'मधल्या याद्या काढून अपडेट चालवा. त्या पुन्हा डाउनलोड होतात.

फेडोरावर ॲप्टच्या जागी डीएनएफ असतं. 'डीएनएफ हिस्टरी अंडू'ने मागचा व्यवहार उलटवता येतो, ही त्याची मोठी सोय. आर्चवर पॅकमन: तिथे याद्या ताज्या करून एकच पॅकेज बसवायचं नसतं, नेहमी 'पॅकमन -एसवाययू'ने सगळी सिस्टिम एकत्र अद्ययावत करायची. त्या कमांडमध्ये एस तेवढं मोठं अक्षर. अर्धवट अपडेटने लायब्ररी एका आवृत्तीची आणि प्रोग्राम दुसऱ्या आवृत्तीचा, अशी स्थिती होते.

नोंदी

कालपर्यंत चालत होतं आणि आज चालत नाही, अशा वेळी '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' वाचा. कोणत्या वेळी, कोणत्या कमांडने, कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं, ते सगळं त्यात असतं. एखादी फाइल कोणत्या पॅकेजची हे 'डीपीकेजी -एस' आणि फाइलचा पूर्ण पत्ता देऊन कळतं, एका पॅकेजने काय काय ठेवलं ते 'डीपीकेजी -एल' सांगतं. या दोन्हींत एस आणि एल मोठी अक्षरं. पहिल्या कमांडला 'नो पाथ फाउंड' असं उत्तर आलं, तर ती फाइल बहुधा ॲप्टमार्गे आलेली नाही.

नवं मशीन घेण्याआधी किंवा सिस्टिम नव्याने बसवण्याआधी या दोन याद्या काढून पेनड्राइव्हवर ठेवा:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल > पॅकेजं.टीएक्सटी
फ्लॅटपॅक लिस्ट --ॲप --कॉलम्स=ॲप्लिकेशन > फ्लॅटपॅक.टीएक्सटी

पहिल्या यादीत डिस्ट्रोने स्वतः बसवलेली नावंही येतात. कर्नल आणि ड्रायव्हरची नावं तिच्यातून काढून टाका, ती नव्या मशीनच्या हार्डवेअरनुसार वेगळी असतील. बाहेरच्या रिपॉझिटरी आधी जोडा, ॲप्ट अपडेट करा, मग यादीतली नावं इन्स्टॉलला द्या. एक नाव जरी सापडलं नाही तरी ॲप्ट सगळंच काम थांबवतो. ते नाव वगळून कमांड पुन्हा चालवा.